चालत तपासणारे डॉक्टर

नवीपेठेत कुणाला मूळव्याध झाली आहे आणि कुणाच्या पोटात जंत आहेत, हे समोरच्या पानाच्या दुकानावर उभं राहिलं की फुकटात कळायचं. आमच्या डॉक्टरांना हळू बोलता येत नसे. भुसावळला रेल्वेच्या नोकरीत वीस वर्षं काढली, इंजिनांच्या आवाजावरून ओरडायची सवय लागली ती लागलीच, असं ते सांगत. मला हे कारण कधी पटलं नाही. भुसावळची बाकीची माणसं चांगली हळू बोलतात.

मी त्यांचा कंपाउंडर. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हा मी त्यांच्याकडे लागलो आणि दवाखाना बंद होईपर्यंत तिथंच राहिलो. औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, किती डोस ते त्यावरून कळायचं. ती पट्टी जळगावात माझ्याइतकी सरळ कुणी चिकटवत नसे, एवढी एकच बढाई मी मारतो. बाकी या गोष्टीत माझं जे काही दिसणार आहे ते बढाई मारण्यासारखं नाही.

डॉक्टर उंच, वाळलेले, नाकाला धार. बारा महिने हातात काळी छत्री. जळगावच्या उन्हाळ्यात छत्री कुणीही धरेल, पण हे पौषातल्या थंडीतही ती उघडून चालायचे. चहा बिनसाखरेचा. पेढे घेऊन आलेल्या पेशंटवर असे खेकसायचे की बिचाऱ्याला वाटावं, आपण पेढे नव्हे विंचू आणले. भरताची वांगी मात्र कुणी आणून दिली की चेहरा खुलायचा. दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं डबे उघडायचो. ते भाकरी आणि भरीत खायचे, मी माझ्या डब्यातलं खायचो आणि शेवटी गुळाचा खडा तोंडात टाकायचो. ते त्या खड्याकडे बघत, बोलत काही नसत. मला वाटायचं, चिक्कू माणूस आहे, माझा गूळही यांच्या डोळ्यात येतो.

एवढ्या मोठ्या आवाजाच्या या माणसाकडे जिल्ह्यातली पन्नाशी-साठीची माणसं एका तक्रारीसाठी यायची, जी तक्रार माणूस स्वतःच्या उशीलाही सांगत नाही.

ती माणसं मी लांबून ओळखायचो. धुतलेलं धोतर, कोट, डोक्यावर टोपी. येऊन बाकाच्या टोकाला बसायचे आणि मागून आलेल्यांना पुढं सोडत राहायचे. काय होतंय विचारलं की म्हणायचे, "कंबर." कुणी म्हणायचं, "घसा." पारोळ्याकडचे एक नाना आले होते, ते म्हणाले, "बठ्ठं ठीक शे डाक्टर," आणि फरशीकडे बघत बसले. सगळं ठीक असलेला माणूस पारोळ्याहून एस.टी.चे धक्के खात जळगावला कशाला येईल?

अशा माणसाची नाडी डॉक्टर बघत नसत. छत्री उचलायचे आणि म्हणायचे, "चला, जरा पाय मोकळे करू."

मग दोघं मेहरूण तलावाच्या रस्त्यानं निघायचे. डॉक्टरांचं म्हणणं असं की टेबलाच्या पलीकडे डॉक्टर बसला की माणूस कंबर सांगतो. शेजारी शेजारी चालताना दोघंही पुढं बघतात, एकमेकांचं तोंड दिसत नाही, मग खरं ते बाहेर पडतं. तलावापर्यंत जाता जाता बाहेर पडतं आणि येता येता त्यावरचा इलाज सांगून होतो. छत्री का उघडी असायची तेही मला पुढं कळलं. तिच्या सावलीत रडलेला माणूस रस्त्यावरच्याला दिसत नाही.

पण गाव कसलं गप्प बसतंय! डॉक्टर ज्याच्याबरोबर फिरायला जातात त्याचं काय बिघडलंय, हे सहा महिन्यांत पानाच्या दुकानावर माहीत झालं. डॉक्टर बाहेर पडले की चुन्याची काडी हातात धरून लोक बघत, आज कोण. पेशंट फिरायला यायला नकार देऊ लागले. तेव्हा डॉक्टरांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. ते सगळ्यांनाच फिरायला नेऊ लागले. पोस्टमनला नेलं, फौजदाराला नेलं, मारुतीच्या देवळातल्या कीर्तनकारांना नेलं, खुद्द पानवाल्याला नेलं. पंधरा दिवसांत गावाचा सगळा हिशेब चुकला. एका पैलवानानं तेवढा साफ नकार दिला, आणि गावानं शंका घेतली ती फक्त त्याचीच.

चालताना डॉक्टर काय बोलत? पेशंट सगळा धीर गोळा करून एकदाचं सांगायचा. आता आभाळ कोसळणार म्हणून थांबायचा. डॉक्टर म्हणायचे, "बरं. जेवण काय काय होतं?"

एवढंच. अरेरे नाही, अच्छा अच्छा नाही. खोकला सांगितल्यावर जसं विचारतात तसं. कित्येकांचं निम्मं दुखणं त्या 'बरं'वरच जात असेल असं मला वाटतं.

'नामर्द' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एका पेशंटनं स्वतःलाच तो लावला तर त्याला दवाखान्याबाहेर काढून, पाणी पिऊन परत या म्हणाले. "गुडघा वाकत नाही तर माणूस लंगडा होतो, पण माणूसच राहतो ना? इंद्रिय ताठ होत नाही. त्याला कारण असतं. कारण शोधू." कारण शोधायची त्यांची पद्धत होती. पहाटे आपोआप ताठ होतं का? होत असेल तर शरीर शाबूत आहे, भीती किंवा काळजी आडवी येते आहे. तेव्हाही होत नसेल तर मग दारू किती, तंबाखू किती, तहान किती लागते, लघवीला किती वेळा उठावं लागतं. आणि परत आल्यावर माझ्याकडे बाटली यायची.

त्या बाटलीतले आठ थेंब निळ्या औषधात टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची हे माझं काम. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटेसारखं लाल झालं तर पुष्कळ. खिडकीतल्या लाकडी घोडीवर रोजच्या नळ्या रांगेत उभ्या असायच्या. रांगेच्या टोकाला बँडेजची चिंधी बांधलेली एक नळी मी येण्याच्या आधीच उकळून ठेवलेली असायची. कधी हिरवी, कधी पिवळी. कुणी बडा पेशंट असेल, नाव गुप्त ठेवायचं असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही.

फैजपूरकडचे एक आबा मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. साठीचे, केळीच्या बागा, घरात मोठे मुलगे. पहिली बायको गेल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांनी पाट लावला होता, बाई चाळिशीची, विधवा. आबांचं ठरलं होतं. बाईला सन्मानानं नशिराबादला तिच्या भावाकडे पोचवायचं. तिच्यावर अन्याय नको. पोचवण्याआधी एकदा डॉक्टरला विचारावं म्हणून आले होते.

"तिला विचारलंत?" डॉक्टरांनी फिरून आल्यावर दारातच, नेहमीच्या आवाजात विचारलं.

आबांनी भोवती बघितलं. "तिले काय इचारायचं डाक्टर? मले तोंड दाखवाले जागा नाही."

"मग घेऊन या. तिला आणल्याशिवाय मी औषध देत नाही."

हा त्यांचा नियम. त्या काळी बायकोला या कामासाठी दवाखान्यात आणायचं म्हणजे काय, ते आजच्या माणसाला सांगून कळणार नाही. निम्मे पेशंट या नियमावरूनच परत जायचे आणि बाजारातल्या वैदूच्या तंबूत शिरायचे. आबा मात्र आठ दिवसांनी बैलगाडीतून बाईंना घेऊन आले. त्या गाडीतच बसून राहिल्या, पदर पुढं ओढून. इकडे मी आबांची नळी उकळली. पक्क्या विटेचा रंग.

"केळी किती खाता?"

"मोजून कोन खातं? बागेत फिरता फिरता पिकेल दिसलं का तोडलं."

"आजपासून बंद."

आबांना पहिली तक्रार सांगताना एवढं वाईट वाटलं नसेल. "केळीवाल्यानं केळं खायचं नाही? गावात काय सांगू मी?"

तेव्हा गाडीतून आवाज आला. "सांगा डाक्टरनं सांगितलं म्हून!"

आणि बाई उतरून आत आल्या. एकदा आल्या म्हटल्यावर त्यांनी थांबायचं नावच घेतलं नाही. "दोन वर्स झाले, हे बागेतल्या मचानावर निजतात. मले वाटलं, मी पाटाची, यायच्या मनातून उतरली. आता म्हने भावाकडे चाल. काहून ते सांगत नाहीत. मले कोनी इचारलं का, तुले जायचं का?"

आबा छताकडे बघत होते. डॉक्टरांनी बाईंना बसवलं, माझ्याकडून दिवा आणि नळी मागून घेतली आणि घरी तपासणी कशी करायची ते त्यांना शिकवलं. लिहिता येत नाही म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. दर आठवड्याला नळीच्या रंगाचा दोरा घ्यायचा आणि दोऱ्याला दोरा बांधत जायचं. पहिल्या महिन्यात त्या आल्या तेव्हा चोळीच्या खणातून काढलेले विटकरी आणि पिवळे दोरे होते. मग हिरवे आले. चौथ्या महिन्यात दोरा निळ्यावर आला. डॉक्टरांनी तो खिडकीशी नेऊन माळेसारखा निरखला आणि आबांना विचारलं, "बाकीचं कसं?"

आबा टोपी झटकू लागले. बाईंनी दुसरीकडे तोंड करून सांगितलं, "मचान मोडलं. लाकडं चुलीत घातली."

डॉक्टर एवढ्या जोरात हसले की पानवाला दुकान सोडून दारात आला.

हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. आणि त्या वेळी मी स्वतः एक्कावन्न वर्षांचा होतो आणि मला हीच तक्रार दीड वर्षापासून होती.

हो, मलाच. दुसऱ्यांच्या शंभर नळ्या मी उकळल्या, स्वतःची एकदाही नाही. घरामागच्या कोपऱ्यात मी जिथं लघवीला बसायचो तिथं मुंग्यांची रांग लागलेली मला दिसत होती. ती कशामुळं हे जळगावात डॉक्टरांखालोखाल मलाच कळत होतं. मी काय केलं? त्यावर रोज राख टाकली. मुंग्या झाकल्या म्हणजे आजार झाकला, ही माझी कंपाउंडरकी. आणि दर आठवडी बाजाराला, दवाखाना सुटला की त्याच वैदूच्या तंबूत जाऊन काळ्या भस्माची पुडी आणत होतो, ज्याला डॉक्टर रोज शिव्या देत.

दोघी मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. मी ओसरीवर झोपायला लागलो होतो. आत उकडतं, हे मी थंडीतसुद्धा सांगत होतो. बायको काही विचारत नव्हती, आणि ती विचारत नाही याचीच मला भीती वाटायची. तीस वर्षांचा संसार माझ्या देखत विझत चालला होता आणि मी मुंग्यांवर राख टाकत होतो.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "निळं औषध नवीन केलंय. बिघडलं नाही ना बघायचं आहे. निरोगी माणसाची लघवी पाहिजे. तुमचीच द्या."

मी मागं गेलो. बाटली हातात घेतली, कुणी बघत नाही ना ते पाहिलं. मग माठातलं पाणी बाटलीत भरलं, रंगासाठी चहाचे दोन थेंब टाकले, आणि साळसूदपणे येऊन नळी उकळली. निळीशार राहिली. डॉक्टरांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"कंपाउंडर," ते म्हणाले, "निरोगी माणसाची लघवी उकळली तरी थोडा गढूळपणा येतो. ही तर मेहरूणच्या तळ्यापेक्षा स्वच्छ आहे."

हे ते हळू म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तिथंच माझा धीर सुटला. त्यांनी छत्री उचलली. "दाराच्या फळ्या लावा. चला, जरा पाय मोकळे करू."

पानाच्या दुकानावरून जाताना मी मान वर केली नाही. रेल्वेचं फाटक ओलांडलं, वस्ती संपली, तरी मी वहाणांकडेच बघत चालत होतो. ते आपले काटेसावरीला यंदा कळ्या किती आल्या आहेत ते सांगत होते. शेवटी मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. भस्माचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, राखेचंसुद्धा सांगितलं.

"बरं. जेवण काय काय होतं?"

मला असा राग आला! "रोज तुमच्यासमोर जेवतो! दिसत नाही का?"

"दिसतं. गुळाचा खडाही दिसतो. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

मग मी छत्रीखाली रडलो. रुमाल नव्हता, टोपीनं तोंड पुसलं. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. ते म्हणाले, "तरुणपणासारखं होईल असं मी सांगत नाही. साखर उतरली की काहींचं पुष्कळ परत येतं, काहींचं थोडं, काहींचं नाही. भीती गेली की त्यात भर पडते. आणि ताठ झालं नाही म्हणून बायकोच्या जवळच जायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ओसरीवर झोपायचं औषध मी कधी कुणाला दिलंय का?"

"नाही."

"घरी सांगितलंत?"

"नाही."

"मग माझा नियम तुम्हाला माहीत आहे. आधी तिला सांगा. इथंच घेऊन या, तलावावर. शेजारी चाला. ती मागं राहिली तर थांबा."

दीड वर्षाचं साचलेलं असं बाहेर पडल्यावर माणसाला एक प्रकारचा चेव येतो. मी म्हणालो, "तुम्हाला काय जातं सांगायला! तुम्हाला सांगायला लागलं असतं म्हणजे कळलं असतं."

डॉक्टरांनी पावलं लांब टाकली. तलाव आला. काठावर उभं राहून छत्री मिटली. बारा महिने उघडी असणारी ती त्यांनी मिटली, म्हणून मला आठवतं.

"चिंधी बांधलेली नळी कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणा बड्या पेशंटची असेल," मी म्हणालो.

"माझी. नऊ वर्षं झाली. भुसावळला असल्यापासून." मग पाण्याकडे बघतच त्यांनी सांगितलं. नाइट ड्यूटीचं निमित्त करून ते पुढच्या खोलीत झोपू लागले. बायकोला कारण सांगितलं नाही. मग दोन वर्षांनी ती मुलाकडे धुळ्याला गेली, सुनेच्या बाळंतपणासाठी. बाळंतपण झालं, नातू चालायला लागला, शाळेत जायला लागला. ती परत आली नाही. यांनीही बोलावलं नाही. गावात आम्ही सगळे समजत होतो की बाईंना नातवाचा लळा आहे.

"इतक्यांना सांगायला लावता," मी म्हणालो, "आणि तुम्ही स्वतः?"

"मला सांगायला लावणारा डॉक्टर मिळाला नाही."

मी त्यांना कधी उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "मग मी लावतो. तुम्ही बाईंना सांगितल्याशिवाय मी माझ्या बायकोला सांगणार नाही. औषध नका देऊ. मुंग्या खाऊ देत मला."

ते चिडले. म्हणाले, पत्र लिहिता येत नाही. मी म्हणालो, लिहिता का येत नाही? ते ओरडले, "तिला वाचता येत नाही! पत्र सून वाचून दाखवते!"

आम्ही दोघं परतीला लागलो. फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "शनिवारी दुपारची धुळ्याची गाडी कितीला आहे?"

ठरलं ते असं. त्यांनी शनिवारी धुळ्याला जायचं, मी रविवारी बायकोला तलावावर न्यायचं, आणि सोमवारी दवाखाना उघडताना एकमेकांना सांगायचं.

रविवारी पाचाच्या सुमारास मी बायकोला म्हणालो, चल, फिरून येऊ. ती पीठ चाळत होती. "मी? कशाला? कुणी वारलं का?" तिचं बरोबर होतं. नवरा-बायकोनं बरोबर बाहेर पडायचं ते लग्नाला नाहीतर मयताला. शेवटी लुगडं बदलून निघाली.

निघाली ती माझ्या चार पावलं मागं. तीस वर्षं अशीच चालत आलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मी थांबलो. तर तीही थांबली, चार पावलांवरच. मी निघालो, ती निघाली. मी थांबलो, ती थांबली. फाटकाजवळचा गेटमन आमच्याकडे बघायला लागला. डॉक्टरांच्या औषधात एवढी एक चूक होती, थांबून भागत नाही. मग मीच चार पावलं मागं गेलो आणि तिच्याशेजारी उभा राहिलो.

"काय झालं?" ती म्हणाली. "पायात काटा गेला का?"

पुढं बघत चालत मी तिला सगळं सांगितलं. ती शेजारून चालत राहिली. मग म्हणाली, "बाजाराच्या दिवशी उशिरा येता ते त्या वैदूकडून?"

"हो."

"खरंच वैदूकडून?"

"अगं हो. दुसरीकडं कुठून येणार?"

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसलीच. "मला वाटलं, तुमचं बाहेर कुठंतरी आहे. दीड वर्षं मी हेच धरून बसले आहे. सोळा सोमवार केले मी." पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम तडकली. "आणि दर रविवारी गुळाचा शिरा करत होते तो कशासाठी, कळलं का तुम्हाला? तुमचं मन घरात राहावं म्हणून! तूप घालून! तुम्ही दोन-दोन वाट्या खात होतात आणि बोलला नाहीत?"

मला हसू आवरेना. मी औषध म्हणून भस्म खात होतो, ती औषध म्हणून शिरा घालत होती, आणि साखर दोघांच्या कृपेनं चढत होती. ती आधी रागावली, मग तीही हसली. तलावापर्यंत आम्ही गेलोच नाही. त्या दगडावर दोघं बसून राहिलो, आणि छातीवरचं ओझं उतरतं म्हणजे नेमकं काय होतं ते मला तिथं कळलं. त्या दिवसापासून मी आत झोपायला लागलो. पुढं साखर उतरली. बाकीचं काही परत आलं, काही नाही आलं. कधी जमायचं, कधी नाही जमायचं. नाही जमलं की ती म्हणायची, उद्या शिरा करू का? आणि आम्ही हसायचो.

सोमवारी मी फळ्या काढत होतो तेव्हा डॉक्टर आले. छत्री मिटलेली.

"सांगितलं?"

"सांगितलं. तुम्ही?"

"सांगितलं." ते आत गेले, कोट खुंटीला लावला, चिंधीची नळी घोडीवर ठेवली. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "ती म्हणाली, बरं. जेवण काय काय होतं एकट्याचं?"

तेव्हा मला उमगलं की ते 'बरं' मूळचं बाईंचं. इतकी वर्षं ते त्यांच्याच घरातलं औषध आम्हा सगळ्यांना वाटत होते आणि स्वतः घेत नव्हते.

बाई लगेच आल्या नाहीत. "सात वर्षांचं आहे, सात दिवसांत कसं येईल," एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि दर शनिवारी धुळ्याच्या गाडीत बसत राहिले. चैत्रात कधीतरी बाई आल्या. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते मेहरूणच्याच रस्त्यावर. मी आणि बायको तलावावरून परत येत होतो, समोरून ती काळी छत्री येत होती. डॉक्टर पुढं, आणि चार पावलं मागं नऊवारीतल्या ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई. मी नमस्कार करायला थांबणार तेवढ्यात बायकोनं माझी बाही ओढली. "थांबू नका. चालू द्या त्यांना."

आम्ही बाजूनं पुढं गेलो. डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोडं पुढं जाऊन मी वळून बघितलं. डॉक्टर थांबले होते. बाईही थांबल्या होत्या, चार पावलांवरच. क्षणभर दोघं तसेच उभे राहिले. मग डॉक्टर छत्री सावरत मागं फिरले आणि ती चार पावलं चालत बाईंच्या शेजारी गेले.